नऊ मेपर्यंतचा करार

"पट्ट्याचं चार्जिंग संपलं असेल," प्रशिक्षक शिरगुप्पे सर म्हणाले.

"दुसरा पट्टा बांधून पाहिला, सर. रेषा तिथेच थांबते," व्यवस्थापक वैशंपायन म्हणाले.

मनगटावरचा पट्टा खेळाडूचं शरीर वाचायचा आणि त्याचं उरलेलं आयुष्य पडद्यावर रेखाटायचा. बाकी सगळ्यांच्या रेषा सत्तरीपार गेल्या होत्या. नऊ वर्षं सीमारेषा सांभाळणाऱ्या रणधीर लाडची रेषा येत्या नऊ मेला संपत होती.

"डॉक्टर?"

"उपाय नाही म्हणतात. हंगामाआधीच दुसऱ्या संघाला देऊन टाकू त्याला. जे व्हायचं ते आपल्या जर्सीत नको."

"घेणारे पट्टा बघणार नाहीत?"

"बघितलाय. त्यांनी करारच नऊ मेपर्यंतचा पाठवलाय."

तेवढ्यात रणधीर नव्या घराचे पेढे घेऊन आत आला. खेळाडूंना रेषा दाखवायची पद्धत नव्हती. त्याने करार वाचला आणि सही केली.

"बरं झालं, सर, नऊलाच मोकळा होतोय. बाराला वास्तुशांत आहे. तुम्ही यायचंच."

तो पाया पडायला वाकला. सरांचा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "औक्षवंत हो."