आल्याचा चहा

“आई, चहा घे. आलं घातलंय.”

गणवेशही न बदलता तो कप घेऊन माझ्यासमोर उभा होता. नववीतल्या या पोराला मी कधी दूधसुद्धा तापवायला लावलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी गेम चालू असताना फोन काढून घेतला, म्हणून त्यानं माझं मनगट पिरगळलं होतं. तेव्हापासून त्याचा फोन कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. म्हटलं, चला, पोराला उपरती झाली.

चहा कडवट होता. आलं जास्त झालं असेल. पहिल्याच चहाला नावं कशाला ठेवायची? कौतुकानं पीत राहिले.

कप अर्धा झाला तेव्हा माझा फोन वाजला. गृहपाठ विचारायचाय म्हणून त्यानं मघाशी तो घेतला होता. मेसेज त्याच्या गेममधल्या दोस्ताचा होता.

“काकू प्यायल्या का रे? आजोबांच्या झोपेच्या गोळ्या सगळ्या टाकल्यास ना? झोपल्या की किल्ली काढ. पाचला मॅच आहे.”

मी कप खाली ठेवू लागले.

“संपव ना, आई,” तो लाडानं म्हणाला. त्याची बोटं माझ्या त्याच मनगटाभोवती आवळली.