हौसा आतू

रंजना भोईरने हौसा आतूचं लुगडं हेमंतच्या टेबलावर ठेवलं.

"सवाल नाय इचारला तं ती आतू कसली, साहेब? निस्ता लुगरा. र्‍हाऊ द्या तुमचेकरं."

ती निघून गेली. कार्यक्रमप्रमुख असूनही हेमंतला तिला थांबवता आलं नाही.

हौसा आतू, म्हणजे हौसा आत्या, ही रंजनाने इथल्या केबल चॅनलवर उभी केलेली आगरी म्हातारी. दर रविवारी कंबरेवर हात ठेवून ती बड्या माणसांना एकेक प्रश्न विचारायची. बदलापूर गावात घास हातात थांबायचा. उल्हासनगरचे सिंधी दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचे, "आतू आयी है, दो मिनट रुको."

मग चॅनल एका मोठ्या कंपनीने घेतलं. ती कंपनी आणखी मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि तिच्या संचालक मंडळावर इथल्या पुढाऱ्यांचे मेहुणे येऊन बसले. हेमंतला वरून फोन आला. आतू ठेवा, लोकांना आवडते. सासू-सुनेचे विनोद करू दे. प्रश्न नकोत. करारात आतूचं नाव, तिची चाल, तिची बोलण्याची ढब, सगळं कंपनीचं होतं. रंजनाचं काहीच नव्हतं.

हेंद्रेपाड्यातली मनाली नवी आतू झाली. मुलगी गुणी. लिहून दिलंय तेवढंच बोलायची. हेमंतला हायसं वाटलं, आणि त्याची जरा लाजही वाटली.

दिवाळीत अंबरनाथच्या मैदानावर थेट कार्यक्रम झाला. पुढारी पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी आतूने त्यांना ओवाळायचं, एवढंच ठरलं होतं. मनालीने ओवाळलं. पुढाऱ्यांनी ओवाळणी घालायला खिशात हात घातला.

"पैसं नको, दादा," ती म्हणाली. "धरन आमचे उशाला, न हंडा आमचेच डोक्यावर. असा कसा, तवरा सांग."

मैदानावर टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पुढारीही हसले, कारण कॅमेरा त्यांच्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी मनालीचं काम गेलं. फोन हेमंतलाच करावा लागला.

"ठीक आहे, सर," ती शांतपणे म्हणाली. "प्रश्न विचारला की काम जाणार, हे रंजनाकाकू गेल्या तेव्हाच मला कळलं होतं. पण एकदा तरी खरी आतू करायची होती."

वरून हुकूम आला, तिसरी शोधा. स्टुडिओच्या जिन्यावर मुलींची रांग लागली. दोघींची कामं गेलेली बघूनही एवढ्या आल्यात, म्हणजे यातली एखादी तरी लिहून दिलेलं निमूट बोलेल, असं हेमंतला वाटलं.

पहिली आत आली. उल्हासनगरची निशा, सिंध्यांची पोर. आगरी बोली तिला धड जमत नव्हती. तिने कंबरेवर हात ठेवला आणि थेट हेमंतकडे पाहिलं.

"दादा, सच सांग. यो चॅनल आता कोनाचा हाय?"

कॅमेरामन संतोषने, बंद करू का, असं खुणेनेच विचारलं. हेमंतने मानेनेच नको म्हटलं आणि समोरची खुर्ची पुढे ओढली.

"बस, आतू," तो म्हणाला. "सांगतो."