ओठांतला कागद

"बाय, घरातलं उंबऱ्याबाहेर काढू नकोस. ओठ शिवून घेतलेस, तर संसार उसवायचा नाही." पाठवणीच्या दिवशी ओटी भरता भरता आई म्हणाली होती, गाण्यातली ओळ सांगावी तशी, हलकेच. इतक्या वर्षांनी, शारजात रोल्लामधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, रंजिताला तो आवाज पुन्हा ऐकू आला.

दुकानदार अबुजरभाईंनी तिच्या हातात पांढऱ्या कागदाची घडी ठेवली होती. "ओठांत धरा, वहिनी. जपानी रीत आहे. उघड्या पात्यावर थुंकीचा कण जरी उडाला, तरी पोलाद डागाळतं." भाई मूळचे श्रीवर्धनचे; त्यांची मराठी अजून सुकली नव्हती. पातं बाहेर असेपर्यंत दार बंद, हा मात्र त्यांचा स्वतःचा नियम. त्यांनी काचेच्या दाराला आतून कुलूप घातलं.

तलवार म्यानातून निघाली. दिव्याखाली तिच्या धारेलगत धुक्यासारखी नागमोडी रेघ उमटली. रंजिताचा नवरा सुदेश ओठांत कागद धरून, भिंग घेऊन वाकला. महिनाभर यूट्यूबवर त्याने हाच अभ्यास केला होता. धारेत केसाएवढी चीर नाही ना, रेघ कुठे तुटत नाही ना. भाईंनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली. आतल्या लोखंडावरचा जुना काळा गंज, अस्सलपणाची खूण, सुदेश डोळ्यांनी कुरवाळत राहिला.

रंजिता त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती. तो हात तिला पाठ होता. घरी, अल रीमच्या फ्लॅटमध्ये तो वर उठला, की त्यांची लेक ईरा आपल्या खोलीचं दार आतून लावून घ्यायची.

मूठ बसली, पातं म्यानात गेलं. सुदेशने कागद टेबलावर टाकला. "अस्सल आहे भाई, एकदम अस्सल! यल्ला, पॅक करा."

"वहिनी, काढा की आता कागद."

"राहू द्या हो," सुदेश हसला. "एवढी शांतता घरी कुठे मिळते!"

भाईही हसले. मखमली पिशवी शोधता शोधता त्यांनी विचारलं, "ठेवणार कुठे साहेब?"

"हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे. फार उंच नको. हात लांबवला की मिळाली पाहिजे."

रंजिताने दाराकडे पाहिलं. कुलूप अजून तसंच होतं. तिने कागद ओढला. ओठाची थोडी साल त्याला चिकटून आली.

"देऊ नका, भाई." आवाज फुटलाच नाही. तिने पुन्हा म्हटलं, "देऊ नका. हे रागावले की हाताला लागेल ते फेकतात. आजवर कपबश्याच लागल्या."