पहिल्या अंकाची बोली

लहानपणापासून जिवापाड जपलेला, घरात कुणालाही विचारल्याशिवाय हात लावू न दिलेला एका जुन्या कॉमिकचा पहिला अंक मुकुलने अखेर विकायला काढला. मुंबईच्या लिलावघरात चौकशी केली, तर ते म्हणाले, "पाठवून द्या, पुढच्या वर्षीच्या लिलावात लावू." म्हणजे वर्षभर थांबायचं, वर कमिशनही द्यायचं!

"त्यापेक्षा इंटरनेटवर टाका की हो," त्याची बायको नेत्रा म्हणाली.

विद्यानगरच्या सायबर कॅफेतून त्याने अंकाचे फोटो लिलावाच्या एका साइटवर चढवले. शेवटच्या संध्याकाळी दोन टोपणनावांमध्ये अशी काही जुंपली, की मुकुल खुर्ची सोडून नाचायलाच लागला. "यप्पा, परत वाढली!" प्रत्येक बोलीला अख्खा कॅफे टाळ्या पिटत होता. नेत्राने तर मनातल्या मनात नवी स्कूटरही घेऊन टाकली.

बोली जिंकणारं गिऱ्हाईक जवळचंच निघालं. रविवारी घरी येऊन, रोख पैसे देऊन अंक नेतो, असं त्याने कळवलं. रविवारी बेल वाजताच मुकुल धावत दाराशी गेला.

दारात त्याची धाकटी बहीण दीपश्री उभी होती, हातात नोटांचं पाकीट.


"आण इकडे तो अंक, अण्णा. आणि यापुढे मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!"