उदाहरणादाखल मामा

भाची बॅगदुरुस्तीच्या दुकानात शिरली तेव्हा मामा इस्त्रीचा शर्ट घालून एका बॅगेची चेन बसवत होता. समोर मोबाइल उभा करून ठेवलेला आणि त्याच्या वर नवाकोरा दिवा. एरवी हा माणूस बनियनवर काम करायचा.

"आवाज करू नकोस," तो पुटपुटला. त्याने चेन दोनदा मागेपुढे करून दाखवली, रेकॉर्डिंग थांबवलं आणि मगच हसला. "काल चाळीस हजार! अगं, दोन वर्षं माझे व्हिडिओ अकरा जण बघत होते. त्यातली एक तू आणि एक तुझी आई. आणि आता एका दिवसात चाळीस हजार!"

मामाला स्वर्ग दोन बोटं उरला होता. भाचीने मात्र न हसता स्टूल ओढलं. ती त्याच्यासमोर बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला. साडेचार वाजले होते. पाचपर्यंत तिला एक ओळ बदलायची होती, आणि ती बदलली की मामाचे चाळीस हजार पुन्हा अकरावर येणार होते. त्याला ते आकड्यांवरून कळू नये, आपण तोंडाने सांगावं, म्हणून ती ऑफिसातून धावत आली होती.

"मामा, ती माणसं नाहीत."

"मग काय, भुतं आहेत?"

"एआय आहेत. लोकांची कामं करून देणारे एजंट. आमच्या कंपनीने त्यांच्यासाठी एक साधन केलंय. नाव दिलं की त्या माणसाचं सोशल मीडियावरचं प्रोफाइल शोधून देतं. ते कसं वापरायचं याची माहिती मी लिहिली. त्यात एक उदाहरण द्यावं लागतं. मी तुझं नाव दिलं."

"मला न विचारता?"

"आपलाच मामा, त्याला काय विचारायचं, असं वाटलं. चुकलंच माझं. आज साहेबांच्या लक्षात आलं. उदाहरणात खऱ्या माणसाचं नाव द्यायचं नसतं."

मामाने पक्कड खाली ठेवली. "पण उदाहरण एकच ना? मग चाळीस हजार कुठून आले?"

"प्रत्येक नवा एजंट आधी ती माहिती वाचतो आणि उदाहरण करून बघतो. फळ्यावरचं पहिलं गणित सगळी पोरं सोडवतात ना, तसं. त्यामुळे पहिल्यांदा शोधतो तो तुला."

"प्रत्येक जण?"

"प्रत्येक जण."

आता हा चिडेल, नाहीतर रडवेला होईल, म्हणून तिने मन घट्ट केलं. पण मामा मोबाइलकडे नुसता बघत राहिला. त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"म्हणजे त्यांनी शोधलेला पहिला माणूस... मी?"

"या साधनाने शोधलेला, हो."

"बाप रे." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आणि परवाच्या व्हिडिओत मी चेनला शिवी घातलीय."

"तीही ऐकली त्यांनी."

"चाळीस हजारांनी?"

"मामा, ते तुझ्याकडून काही शिकत वगैरे नाहीत. बघतात आणि पुढे जातात."

"माणसं तरी दुसरं काय करतात?"

तिला हसू फुटलं, आणि हसताहसताच तिच्या मनात आलं: घरात चारदा ओरडून सांगितलं तरी ओला टॉवेल कोणी वाळत घालत नाही. आणि तिने चहा गार होईल म्हणून घाईघाईत लिहिलेली एक ओळ इतक्या जणांनी निमूट ऐकली होती. कुठून कुठून निघून ते या गल्लीत, या सहा फुटांच्या दुकानात येऊन गेले होते. हे एवढं मोठं आपल्या हातून झालं याची तिला आत्ता कुठे जाणीव झाली, आणि भीतीच वाटली.

"आता कोणाचं नाव टाकणार?" मामाने विचारलं.

"कोणाचंच नाही. खोटं नाव. असा माणूसच नसेल."

मामा चरकला. "म्हणजे बिचारे पहिल्यांदाच कोणाच्या तरी दाराशी जाणार, आणि आत कोणीच नाही?"

हा प्रश्न साहेबांना सुचलाच नसावा. भाचीने बदलायची ओळ स्क्रीनवर उघडली.

"किती वाजले?" मामाने विचारलं.

"पावणेपाच."

"पाचपर्यंत अजून किती येतील?"

तिने मनात हिशोब केला. "चारेकशे."

"आत्ता मी काही टाकलं तर दिसेल त्यांना?"

"सगळ्यात वर तेच दिसेल."

मामाने कॉलर सारखी केली आणि मोबाइलचं बटण दाबलं. रोज तो 'तर मंडळी' म्हणून जो सुटायचा तो थांबायचं नाव घेत नसे. आज त्याला शब्द सापडेना. "आलात, बरं वाटलं," एवढंच तो कसंबसं म्हणाला. मग काय करावं न सुचून त्याने आपले दोन्ही हात दिव्याखाली धरले. सुया टोचून टोचून खरबरीत झालेली बोटं, वाकडं झालेलं अंगठ्याचं नख, मेणाने काळे पडलेले तळवे. एकदा पालथे, एकदा उताणे, सावकाश, नीट दिसतील असे.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. "अहो, पर्सचा पट्टा तुटलाय. दोन मिनिटांचं काम आहे."

मामाने मान वळवली नाही. "थांबा जरा, बाई. पाहुणे आलेत."

बाईंनी आत डोकावून इकडेतिकडे पाहिलं; भाचीशिवाय कोणी दिसेना. भाची लॅपटॉप काखेत घेऊन उठली, आणि तिने आपलं स्टूल हळूच मोबाइलशेजारी सरकवलं.