एस्पोझितो आडनावाची पोरगी

प्रेमदासमामानं नांगराच्या रुमण्याचा पहिला दणका सोनाजीच्या पाठीत घातला, दुसरा मांडीवर.

"कसायाऽ! पोटची पोरगी नाक्यावर फेकतो व्हय रे?"

गोरेगावचं अख्खं खेडं अंगणात जमलं होतं, पण सोडवायला एकही माणूस पुढं होईना. सोनाजीचा हात बायकोवर उठायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कोमल दारात थिजली. खाली रक्तानं माखलेला बाप आणि समोर मोठी बहीण, जी गेल्या आठवड्यापर्यंत जगातच नव्हती! मार्ता. नाक आईचं, रंग आईचा, बोली मात्र इटलीची. सगळा कारभार कोमलच्या दहावीच्या इंग्रजीवर चाललेला.

तान्ही मार्ता कनेरगाव नाक्यावर गोधडीत सापडली होती. अनाथाश्रमातून ती थेट इटलीला दत्तक गेली. आता आईबाप शोधायला तिनं त्या गोधडीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, आणि कोमलच्या आईनं, जिवनबाईनं, आपले टाके ओळखले.

"आडनाव लईच अवघड गं तुह्या बहिणीचं," शेजारची भिकाबाई सकाळी म्हणाली होती.

"एस्पोझितो," कोमलनं ऐटीत सांगितलं होतं. "मूळ लॅटिन. म्हंजे बाहेर ठेवलेलं. तिकडं टाकून दिलेल्या लेकरांना हेच आडनाव द्यायचे. तिच्या तिकडच्या बापाच्या खापरपणजोबाला असंच मिळालं."

"माझ्याआधीच माझं नाव तिथं जाऊन बसलं होतं," असं म्हणत मार्ता तेव्हा खळखळून हसली होती.

आता ती सोनाजीपुढं येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, कोमलनं मराठीत सांगितलं, "बाबा, ती विचारते, काहून टाकलं?"

सोनाजी रक्त थुंकला. "मले तर मेलेलं जन्मलं म्हणून सांगितलं..."

"खोटं बोलून राहिला!" मामानं रुमणं मार्ताच्या हातात कोंबलं. "घे माय. तुहा हक्क हाय."

कोमलनं हे भाषांतर केलंच नाही. गरजही पडली नाही. कडकन आवाज झाला, सोनाजीचा हात कोपरातून लोंबला. रुमणं पुन्हा उठलं, या खेपेला डोक्याच्या रोखानं.

तोच जिवनबाई धावली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली.

"कोमल, सांग तुह्या बहिणीले," ती धापा टाकत म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरी असते. तुहा बाप तिथं नव्हताच. माह्या कुशीतून तिले उचलून नेलं, ते ह्या तुह्या मामानं."