कडक पत्रक

"हे असलं मिळमिळीत पत्रक काय चाटायचंय?" सलूनवाल्याने कागद टेबलावर परत सरकवला. "'आम्हाला चिंता वाटते' म्हणे! चिंता तर माणसाला सर्दीचीही वाटते."

परदेशी वकिलातीतली अधिकारी बाई ओशाळली. तिच्या देशाला फाशी मान्य नव्हती, आणि कुठेही फाशी ठरली की निषेधाचं पत्रक काढणं हे तिचं काम होतं. इथे एका नर्सच्या खुनाबद्दल एका तरुणाला फाशीची शिक्षा झाली होती. त्याचा दयेचा अर्ज राष्ट्राध्यक्षांपुढे होता.

सलूनवाला पुन्हा पुन्हा खेटे घालत होता. पहिल्यांदा आला तेव्हा "मी बाप आहे" एवढं म्हणून तो ढसाढसा रडला होता. अशा प्रकरणांत आपल्या दाराशी कोण येतं, हे बाईला पाठ होतं. नाव-गाव विचारून जखमेवर मीठ कशाला चोळायचं, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही.

"काका, माझं ऐका," ती म्हणाली. "मागच्या एका फाशीच्या वेळी आम्ही कडक बोललो, तर तुमचे लोक उलट चवताळले. आता कुठे निवळलेत. बरेचजण जन्मठेप पुरे म्हणतात."

"मला काय सांगता? माझ्याच खुर्चीत बसतात ते. तोंडाला साबण फासलेला, तरी बडबड चालूच. पोरगा लहान आहे, सुधारेल! दाढी झाली की चालले घरी." त्याचा आवाज चिरकला. "यांच्या दयेवर मी विसंबून राहू?"

"मग काय लिहू?"

"लिहा, हा रानटीपणा आहे. लिहा, फाशी दिलीत तर मदत बंद."

बाईने मजकूर वर पाठवला. मायदेशी निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे साहेबलोकांना कडक शब्द हवेच होते. टाळ्या तिथे मिळणार, मग इथल्या पोराचं काय होईल याचा विचार करायला सवड कोणाला? त्यांनी मजकुराला आणखी तिखटमीठ लावलं.

पत्रक छापून आलं आणि गाव पेटलं.

"आम्हाला रानटी म्हणणारे हे कोण टिकोजीराव?" सलूनच्या खुर्चीतले मास्तर ओरडले. परवापर्यंत हेच जन्मठेपेची बाजू घेऊन भांडत होते. "आता तर लटकवाच त्याला!"

"हलू नका, मास्तर," सलूनवाला म्हणाला. "वस्तरा लागेल."

घोळ घालत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना दुसरं काय हवं होतं? परक्यांच्या धमक्यांना आपण भीक घालत नाही, असं टीव्हीवर सांगून त्यांनी अर्ज फेटाळला. फाशी झाली. लोकांनी फटाके फोडले.

त्यानंतर अधिकारी बाई स्वतः सलूनमध्ये आली. गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाला कात्र्या पुसत बसला होता. त्याला पाहताच तिला रडू कोसळलं.

"काका, मला सगळं कळत होतं. लोक बिथरतील हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. तरी तुमच्या रडण्याने विरघळले आणि लिहिलं. तुमच्या मुलाचा जीव मी घेतला."

सलूनवाल्याने कात्री खाली ठेवली.

"मला मुलगा नाही, बाई," तो म्हणाला. "एकुलती एक मुलगी होती. नर्स होती."